दाबोळीचे पठार

विमानतळ म्हटला की मोठे शहर, त्याची वर्दळ आणि त्याचा व्यापार ही सारी आपण गृहीत धरतो. शहर आधी वाढते, मग त्याला विमानाची गरज भासू लागते, आणि मग गावाबाहेर कोठे तरी मोकळी जमीन पाहून धावपट्टी घातली जाते, असा सर्वसाधारण क्रम आहे. या क्रमात न बसणारे काही विमानतळ मात्र जगात आहेत. त्यांच्या आसपास मोठे शहर नसते, मोठी पेठ नसते. तेथवर जाणारा रस्ताही बेताचाच असतो. असे असूनही तेथे विमान उतरते. ते का उतरते हे शोधू लागले, म्हणजे बहुधा जवळच कोठे तरी देशाची सीमा सापडते. अशाच एका विमानतळाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे. हा विमानतळ मराठी माणसाच्या अगदी अंगणातला. परंतु एके काळी मुंबईच्या माणसाने तेथे हवाई मार्गाने जावयाचे म्हटले असते, तर त्याला आधी परदेशाचा वळसा घालावा लागला असता.

मी राहतो ते उरला हे रायपूरच्या उत्तर अंगाचे कारखान्यांचे ठिकाण. येथे लोखंड वितळते, पोलादाच्या सळया निघतात, आणि रात्रंदिवस मालमोटारी धावत असतात. येथून कोणत्याही दिशेस निघाले तरी परदेशाची सीमा गाठावयास शेकडो किलोमीटर तुडवावे लागतात. छत्तीसगडला समुद्र नाही आणि परदेशाला भिडणारी हद्दही नाही. त्यामुळे सीमा ही इकडच्या माणसाने नकाशातच पाहावयाची वस्तू. परंतु याच रायपूरच्या दुसऱ्या अंगाला माना नावाचे गाव आहे. रायपूरचा आजचा विमानतळ तेथेच असून २०१२ पासून त्यास स्वामी विवेकानंदांचे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्करी धावपट्टी होती. पुढे १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येऊ लागले, तेव्हा दंडकारण्य प्रकल्पाकडे पाठवावयाच्या हजारो बंगाली कुटुंबांना या माना परिसरातल्या छावण्यांत ठेवण्यात आले. ज्या रायपूरकरांनी सीमा कधी पाहिली नव्हती, त्यांनी सीमेने उखडून टाकलेली माणसे पाहिली. रेघ ओढली जाते एका जागी आणि तिचा भार वाहिला जातो भलत्याच जागी, हे त्या छावण्यांनी दाखविले. तेव्हा सीमा समजून घ्यावयाची असेल, तर ती ओलांडू पाहणाऱ्या माणसाकडे पाहावे, असे मला वाटते. मराठी माणसाने अशी सीमा आपल्या दारात पाहिली ती गोव्याच्या वेशीवर.

गोव्याचा विस्तार अवघा ३,७०२ चौरस किलोमीटरांचा. उत्तरेस तेरेखोलची नदी, पूर्वेस सह्याद्री, दक्षिणेस कारवारचा मुलूख आणि पश्चिमेस समुद्र. १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवे जिंकले. तेव्हापासून तेथील राज्यकर्ते निराळे झाले. परंतु म्हणून माणसांचे जाणेयेणे तुटले असे नाही. तेरेखोलच्या एका काठावर सावंतवाडीकडचे आरोंदे, दुसऱ्या काठावर गोव्याचे किरणपाणी. मधले पाणी होडीने ओलांडावयाचे, इतकेच. अलीकडची मुलगी पलीकडे द्यावी, पलीकडची सून अलीकडे आणावी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. मुंबईत आणि कोकणात विखुरलेल्या कितीतरी घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत. कोणाचा मंगेश, कोणाची शांतादुर्गा, कोणाची म्हाळसा. लग्नानंतर नवी जोडपी दर्शनास जावयाची, नवस फेडावयास म्हातारीकोतारी जावयाची. दीनानाथ मंगेशकरांचे गाव मंगेशी. त्यांची बलवंत संगीत मंडळी गाजली ती महाराष्ट्रात. गोव्याने गाणे द्यावे आणि महाराष्ट्राने रंगमंच द्यावा, अशी ही देवघेव होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर या देवघेवीला लोखंडी रूळ मिळाले. मुरगाव बंदरातून निघालेली आगगाडी दूधसागरच्या धबधब्यापाशी सह्याद्री चढून कॅसलरॉक येथे ब्रिटिश हद्दीत शिरत असे. कुळे येथे पोर्तुगीजांची तपासणी आणि कॅसलरॉकला ब्रिटिशांची. दोन्ही ठिकाणी वळकट्या सोडाव्या लागत, पेट्या उघडाव्या लागत. माणसे कुरकुर करीत त्या उघडीत, पुन्हा बांधीत आणि पुढे जात. समुद्रमार्गे मुंबईची आगबोट होती, पायी जाणाऱ्याला घाटवाटा होत्या. सीमा होती, जकात होती, शिपाई होता. पण दार उघडे होते.

१९४७ साली ब्रिटिश गेले, पोर्तुगीज मात्र राहिले. १९५१ साली पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' असे नाव दिले. म्हणजे कागदोपत्री पणजी ही पोर्तुगालचीच एक भाग ठरली. नकाशा पाहिला तर लिस्बनपासून पणजी आठ हजार किलोमीटरांहून अधिक दूर, आणि सावंतवाडीपासून सुमारे ६०. कायद्याने अंतरे बदलता आली असती, तर भूगोलाच्या मास्तरांची मोठीच पंचाईत झाली असती.

हा कागदी भूगोल प्रथम कोसळला तो गोव्यात नव्हे, तर दमणच्या बाजूला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी दादरा व नगर हवेली हे मुलूख पोर्तुगीजांपासून मुक्त केले. त्या स्वयंसेवकांत सुधीर फडके होते, हे त्यांच्या गाण्यांवर लोभ करणाऱ्या श्रोत्यांना ठाऊक असेल. हे दोन्ही मुलूख चारी बाजूंनी भारताने वेढलेले. दमणहून तेथे सैन्य पाठवावयाचे तर मधली भारताची भूमी ओलांडणे भाग होते, आणि भारताने वाट देण्याचे नाकारले. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे दाद मागितली. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क १९५४ साली पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्यासाठी तो नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने ठरविले. कायद्याच्या भाषेत सांगितलेली ही गोष्ट मोठी मार्मिक आहे. बिऱ्हाड घेऊन जाणाऱ्या माणसाची वाट एक आणि बंदूक घेऊन जाणाऱ्याची वाट दुसरी, हा भेद तेथे मान्य झाला. प्रत्यक्ष जीवनात मात्र दुसरीसाठी वाद पेटला की पहिलीही बंद होते.

गोव्याच्या बाबतीत असेच झाले. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे सत्याग्रहींच्या तुकडीसह गोव्यात शिरले आणि कैद झाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडू लागले, तेव्हा पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सागरहून आलेल्या सहोदराबाई राय हातात तिरंगा घेऊन पुढे झाल्या आणि गोळीने जखमी झाल्या. पत्रादेवी येथे पंजाबचे कर्नैलसिंग बेनीपाल यांनी देह ठेवला. त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले व्यवहार जवळजवळ बंद केले. कॅसलरॉकवरून जाणारी प्रवासी गाडी थांबली, वकिलातीची कचेरी उठली, मालाची आणि पैशांची ये-जा अडली.

आता दाबोळीकडे वळू. वास्को द गामा या गावाजवळ, मुरगावच्या द्वीपकल्पावर, जांभ्या दगडाचे एक उघडे पठार आहे. त्याच्या पायथ्याशी बोगमाळोचा किनारा आणि पुढे अरबी समुद्र. या पठारावर पोर्तुगीजांनी धावपट्टी घातली आणि १९५५ च्या मे महिन्यात तेथे विमान उतरू लागले. गव्हर्नर जनरल पावलो बेनार्द गेदिश यांचे नाव विमानतळास देण्यात आले. दमण आणि दीव येथेही धावपट्ट्या झाल्या. 'पोर्तुगीज भारताची हवाई वाहतूक' अशा अर्थाच्या पोर्तुगीज नावाची आद्याक्षरे जुळवून 'ताइप' या नावाची कंपनी निघाली. आरंभी तिच्यापाशी हेरॉन जातीची लहान विमाने होती. चार एंजिने आणि जेमतेम पंधरा-सतरा उतारूंची जागा, असा हा पक्षी. पुढे व्हायकिंग आणि डग्लस जातीची मोठी विमाने आली.

या कंपनीची विमाने जात कोठे? गोव्याहून दमणला, दीवला आणि कराचीला. आणि पुढे कराचीमार्गे थेट लिस्बनपर्यंत. दाबोळीहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर, तर कराची १,२०० किलोमीटरांहून अधिक. परंतु जवळची मुंबई परकी आणि दूरची कराची दाराशी, असा विलक्षण संसार या विमानतळाने मांडला. भारताच्या भूमीचा आधार न घेता गोवा, दमण आणि दीव हे तीन तुकडे समुद्रावरून एकमेकांना शिवावयाचे, हेच या धावपट्ट्यांचे काम होते. पुढचे दार लावून घ्यावे आणि छपराची कौले काढून तेथून शिडी सोडावी, तशी ही युक्ती होती. शिडीवरून चढता-उतरता येत असे हे खरे. पण ती सर्वांसाठी नव्हती.

त्या विमानात बसलेल्या उतारूचा मार्ग नकाशावर आखून पाहावा. पठार सोडताच खाली समुद्र लागावयाचा. विमान उत्तरेस वळले म्हणजे किनारा उजव्या हाताला राहावयाचा. हवा स्वच्छ असेल तर त्या बाजूला वेंगुर्ले, मग मालवण आणि त्यापुढचा सिंधुदुर्ग, नंतर रत्नागिरी. उतारू गोमंतकीय असेल तर यांतल्या एखाद्या गावात त्याची आत्या दिली असण्याचा संभव मोठा. तिचे गाव त्याने खिडकीतून पाहावे आणि कराचीला उतरावे. कराचीतही गोमंतकीयांची जुनी वस्ती होती, तेव्हा ज्यांचे आप्त तेथे होते त्यांची सोय झालीच. सरकारी अधिकारी, त्यांची कुटुंबे, टपाल यांचीही सोय झाली. ज्या मुलाची आई म्हापशाला आणि नोकरी गिरगावात होती, त्याची सोय या विमानतळाने काडीचीही केली नाही. कराचीला वळसा घालून कुलदेवतेचा नवस फेडावयास कोण जाणार? इतके पैसे ज्याच्यापाशी असतील, त्याला नवस बोलावयाचे कारणच उरणार नाही!

असल्या मुलापुढे एकच मार्ग उरे. परवान्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावयाचे, बांद्यापर्यंत किंवा कारवारकडे माजाळीपर्यंत मिळेल त्या वाहनाने यावयाचे, आणि तेथून गाठोडे डोक्यावर घेऊन हद्द पायी ओलांडावयाची. ज्या वाटेने त्याचा आजा बैलगाडीत बसून, पानाला चुना लावीत गेला, त्याच वाटेवर आता दोन बाजूंचे पहारे होते. आई आजारी असल्याची तार मुंबईस आली आणि परवाना चार दिवसांनी मिळाला, तर त्या चार दिवसांची भरपाई कोणत्या न्यायालयाकडे मागावयाची?

बाजारपेठेचीही अशीच गंमत झाली. घाटावरचे कांदे-बटाटे घाटावरच राहिले, आणि गोव्याच्या बाजारात बटाटा हॉलंडहून येऊ लागला. तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. खाणींतले लोहखनिज बाहेर जात होते, त्यामुळे पैसा खेळत होता. दुकाने परदेशी मालाने भरली होती. कोंडी केली तर गोवे लवकरच वाकेल, असा भारतातल्या अनेकांचा अंदाज होता. तो खरा ठरला नाही. कोंडीची झळ राजवाड्याला फारशी पोहोचली नाही. ती पोहोचली आरोंद्याच्या होडीवाल्याला, मुंबईहून पैसे पाठविणाऱ्या खानसाम्याला आणि त्या पैशांची वाट पाहणाऱ्या घराला. ही गोष्ट आपल्या बाजूची असली तरी सांगितली पाहिजे. कारण न्याय्य हेतूने लावलेल्या दारातही बोटे चेंगरतात ती गरिबाचीच.

जमिनीवरची वाट बंद, हवेतली वाट मोजक्यांची. परंतु आणखी एक वाट होती, आणि आकाशवाणीवरून बोलताना तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी आंबोलीच्या रानातून आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. कोकणी आणि पोर्तुगीज या भाषांतून ते गोव्यातल्या लोकांशी बोलत. सहा वर्षे, पावसाळ्यातल्या धुक्यात, साप-विंचवांच्या सोबतीने हे व्रत चालले. दाबोळीवरून उडणाऱ्या विमानाला जी हद्द टाळून जावे लागे, तीच हद्द हा आवाज रोज ओलांडीत असे.

सीमेने घातलेले हे कोडे एकट्या गोव्याचे नव्हते. युरोपात जिब्राल्टर नावाचा ब्रिटिशांच्या ताब्यातला एक खडक आहे. स्पेनच्या हद्दीला अगदी चिकटून तेथे विमानतळ आहे. जागा इतकी अपुरी की स्पेनकडे जाणारा हमरस्ता धावपट्टीलाच आडवा छेदून जात असे. विमान आले की रेल्वेच्या फाटकासारखी वाहने थांबवावयाची. २०२३ साली तेथे भुयारी मार्ग झाला, तोपर्यंत असेच चालले होते. १९६९ साली स्पेनने आपल्या बाजूचे दार लावले. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना नातलग उभे राहून नवे मूल उंच धरून दाखवू लागले आणि खुशाली ओरडून विचारू लागले. समोरच्या गावात जावयाचे तर बोटीने आफ्रिकेतल्या टँजिअरला जावे आणि तेथून दुसऱ्या बोटीने स्पेनला यावे लागे. १९८२ च्या डिसेंबरात पायी जाणाऱ्यांसाठी ते दार उघडले आणि १९८५ साली सर्वांसाठी. तेरेखोलच्या काठावरचा माणूस आणि जिब्राल्टरच्या कुंपणापाशी उभा असलेला माणूस एकमेकांस भेटले असते, तर भाषेची अडचण असूनही दोघांचे चांगले जमले असते.

याउलट, सीमेजवळचा विमानतळ हे सर्वांचेच दार झाल्याचेही उदाहरण आपल्या देशात आहे. १९४८ साली लेह शहर आक्रमकांच्या टप्प्यात आले होते. जोझिलाची वाट हाती नव्हती. अशा वेळी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या हातांनी सिंधूच्या खोऱ्यात कच्ची धावपट्टी तयार करविली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी डाकोटा विमान तेथे उतरविले. त्यांच्याबरोबर जनरल थिमय्या होते. समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरांहून अधिक उंचीची ही जागा. डाकोटाच्या कक्षात हवेचा दाब राखण्याची सोयही नव्हती. आज त्या विमानतळास कुशोक बकुला रिंपोचे यांचे नाव आहे. तेथील विमाने बहुतेक सकाळच्या प्रहरीच ये-जा करतात, कारण दुपारी खोऱ्यात वारा उठतो आणि तापलेल्या विरळ हवेत विमानाला उचल मिळत नाही. हिवाळ्यात घाटरस्ते बर्फाखाली जातात, तेव्हा रोगी, विद्यार्थी, सैनिक आणि लग्नाचे वऱ्हाड ही सारी याच धावपट्टीवरून जातात. दाबोळी आणि लेह या दोन्ही पट्ट्या सीमेमुळे जन्मल्या. लेहची पट्टी तेथल्या माणसांनी स्वतःसाठी केली; दाबोळीची पट्टी तेथल्या माणसांना त्यांच्या शेजाऱ्यांपासून दूर राखण्यासाठी झाली.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून निघालेली १२ कॅनबेरा विमाने विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली दाबोळीवर आली. त्यांनी धावपट्टीवर बाँब टाकले. त्यानंतर आणखी ८ विमानांनी मारा केला. उतारूंच्या इमारतीला धक्का लावू नये, असा त्यांना हुकूम होता आणि तो त्यांनी पाळला. त्याच रात्री, खड्डे पडलेल्या त्या पट्टीवरून दोन विमाने पोर्तुगीज कुटुंबांना घेऊन अंधारातच उडाली आणि समुद्रावरून कराचीला पोहोचली. वैमानिकांचे धाडस मोठे यात संशय नाही. त्या विमानांतल्या मुलांनी गोव्यातले राजकारण केले नव्हते. त्यांचेही घर त्या रात्री सुटले. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा लिस्बनचा आदेश होता. तो त्यांनी मानला नाही आणि कितीतरी जीव वाचविले. मायदेशी त्यांना त्याची शिक्षा भोगावी लागली. इकडे रानातून सहा वर्षे बोलणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो भारतीय विमानात बसून पणजीवर आले आणि ध्वनिक्षेपकावरून स्वातंत्र्याची वार्ता सांगत फिरले. ४५१ वर्षांची राजवट सुमारे ३६ तासांत संपली होती.

दाबोळी-कराची या मार्गाचा शेवटचा अध्याय मात्र अजून बाकी होता. हजारो पोर्तुगीज सैनिक भारताच्या कैदेत होते. १९६२ च्या मे महिन्यात त्यांची सुटका झाली. त्यांना गोव्यातून विमानांनी कराचीला आणि तेथून जहाजांनी लिस्बनला नेण्यात आले. भारताची भूमी टाळण्यासाठी १९५५ साली जो हवाई मार्ग निघाला, त्याच मार्गाने सात वर्षांनी ते सैनिक भारताच्या संमतीने घरी गेले. त्यांची आयाबहिणी वाट पाहत असतील. त्यांच्याही घरी तार यावयास उशीर झाला असेल.

त्यानंतर दाबोळी भारतीय नौदलाच्या हाती आली. १९६४ साली 'हंसा' हा नौदलाचा तळ तेथे आला आणि बाजूच्या भागातून नागरी विमाने ये-जा करू लागली. १९७४ च्या अखेरीस पोर्तुगालनेही गोव्यावरील भारताची सत्ता मान्य केली. ज्या पठारावरून मुंबईचे विमान कधी उडाले नव्हते, तेथून मुंबईची विमाने रोजची झाली. देशोदेशींचे प्रवासी तेथे उतरू लागले. लहानसा विमानतळ गर्दीने फुगून गेला. अखेर गोव्याला दुसरा विमानतळ हवा झाला. तो पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या पठारावर बांधण्यात आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुटू लागली, आणि मनोहर पर्रीकर यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव मनोहर विमानतळ असे ठेवण्यात आले.

मोपा कोठे आहे, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ते पत्रादेवीच्याच तालुक्यात आहे, आणि दोहोंमधले अंतर फार नाही. १९५५ साली जेथे सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले, तेथे आज हुतात्म्यांचे स्मारक आहे. मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या जवळून जातो. एके काळची आंतरराष्ट्रीय सीमा आता दोन राज्यांची वेस झाली आहे. मोपाला उतरणाऱ्यांत गोव्याला आलेले पाहुणे असतात, तसेच बांद्याचे, सावंतवाडीचे, वेंगुर्ल्याचे चाकरमानी असतात. गणपतीसाठी आलेला एखादा गृहस्थ पेटी घेऊन बाहेर पडतो, भाड्याची मोटार करतो आणि उत्तरेकडे निघतो. पेटी उघडून दाखवा म्हणणारा वाटेत कोणी भेटत नाही. विमानाच्या प्रवासाने अंग आंबलेले असते. त्याचा डोळा लागतो. जागा होतो तेव्हा बांदे मागे पडलेले असते. रेघ केव्हा ओलांडली हे त्याला कळलेलेही नसते.